आईच्या नावाची गाडी: वागळे इस्टेटमधल्या एका कारखानदाराचं प्रकरण

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०२४. दुपारी निवडणूक आयोगाने विधानसभेच्या तारखा जाहीर केल्या आणि त्या क्षणापासून राज्यात आचारसंहिता लागली. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या आवारात उभी होते. समोर मालकांच्या न्यासाची रुग्णवाहिका. तिच्या मागच्या दारावर हात जोडलेल्या नेत्याचं मोठं स्टिकर होतं, त्याखाली कारखान्याच्या मालकांचा थोडा लहान फोटो, आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, ‘मातोश्रींच्या स्मरणार्थ’. पॅनेलच्या वायरींवर स्लीव्ह बसवायला जी हीट गन वापरतात, तीच घेऊन दोन कामगार ते स्टिकर तापवत होते. एकजण कोपरा सोडवायचा, दुसरा हळूहळू ओढायचा. उरलेला चिकटा थिनरच्या फडक्याने पुसला. तासाभरात दार मोकळं झालं. पण दोन महिन्यांच्या उन्हापावसाने आजूबाजूचा रंग मळला होता आणि जिथे स्टिकर होतं तिथे पांढराशुभ्र चौकोन उठून दिसायला लागला.

मालक शेजारी उभे राहून बघत होते. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही इथे तेच म्हणते. ते म्हणाले, “ताई, गाडी तर आपलीच आहे ना?” त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढचे तीन महिने लागले. हे लिखाण त्याच उत्तराबद्दल आहे. अण्णांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पक्ष कोणता आणि निकाल कुणाच्या बाजूने लागला, हे मुद्दाम लिहिलेलं नाही.

माणूस आणि त्याचं काम

अण्णांचं गाव सातारा जिल्ह्यातलं, पाटणकडचं. वडील वागळे इस्टेटमध्येच कामगार होते. अण्णांनी आयटीआय केलं, दहा वर्षं दुसऱ्याकडे वायरमन म्हणून काढली आणि मग भाड्याच्या गाळ्यात इलेक्ट्रिकल पॅनेल बनवायला सुरुवात केली. आज खासगी मर्यादित कंपनी आहे, साठेक माणसं कामाला आहेत. भागभांडवलात अण्णांचा ५० टक्के वाटा, वहिनींचा २० आणि धाकट्या भावाचा ३०. कंपनीचे हिशेब आणि न्यासाची कागदपत्रं गेली २२ वर्षं मी बघते. ऑडिट मात्र वेगळ्या फर्मकडे आहे, आणि ते तसंच असावं हा माझा पहिल्यापासूनचा आग्रह.

न्यास आईच्या नावाचा. आई मूत्रपिंडाच्या आजाराने गेल्या. शेवटची दोन वर्षं त्यांना डायलिसिससाठी रिक्षातून न्यावं लागायचं, त्यातून रुग्णवाहिकेची कल्पना आली. न्यास महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला आहे. कामं तीन: रुग्णवाहिका, किसननगरजवळ साठ मुलांची अभ्यासिका आणि डायलिसिसच्या चौदा रुग्णांना दर खेपेला ठरावीक मदत. विश्वस्त पाच. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्यांना सगळे ‘बाई’ म्हणतात. या प्रकरणात त्यांचं नाव कुठल्याच ठरावाखाली सूचक म्हणून नाही, पण त्या नसत्या तर मी एकटी पडले असते.

अण्णा राजकारणात कसे ओढले गेले, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं नीट कळणार नाही. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आले. नगरसेवक उरला नाही. नगरसेवक चांगला की वाईट हा वेगळा विषय. पण नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, शाळेचा दाखला अडलाय, रात्री दोनला रुग्णवाहिका हवी आहे, अशा वेळी ज्याचं दार वाजवायचं तो माणूस नाहीसा झाला. लोक मग ज्याचं दार उघडं दिसलं तिकडे गेले. किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या पट्ट्यात अण्णांचं दार उघडं होतं. डायलिसिसच्या अर्जावर संपर्क म्हणून त्यांचाच मोबाइल नंबर छापलेला होता. आधी रुग्ण फोन करायचे, मग रुग्णांचे शेजारी, मग शेजाऱ्यांची सोसायटी. २०२३ च्या पावसाळ्यात अण्णा पाण्याच्या टँकरसाठी पालिकेत फोन लावत होते. दानशूर माणूस न कळत नगरसेवकाचं काम करायला लागला होता, आणि पक्षांच्या नजरेतून हे सुटलं नाही.

कारखानदाराने राजकारणात पडू नये, असं मला वाटत नाही. ठाण्याला तर तसं म्हणताच येणार नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यात पोचली, ती आणण्यासाठी झटलेल्यांत नाना शंकरशेट होते. व्यापारातून कमावलेला पैसा, मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात दिलेली जागा आणि १८५२ ची बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था, हे सगळं एकाच माणसाच्या आयुष्यात मावलं. आपल्या काळात राहुल बजाज २००६ मध्ये अपक्ष म्हणून राज्यसभेवर गेले. व्यापार, दान आणि राजकारण एका माणसाने करायला कायद्याची आडकाठी नाही. कायदा एवढंच विचारतो की कोणता रुपया कुठल्या खिशातला.

तिकिटाची गोष्ट आणि विसरलेली फर्म

लोकसभेचा निकाल ४ जून २०२४ ला लागला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी अण्णा माझ्या नौपाड्यातल्या ऑफिसात आले. “विधानसभेचं विचारतायत,” म्हणाले. आवाजात आनंद होता, आणि तो साहजिकच होता.

मी त्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली: सरकारशी चालू असलेल्या सगळ्या करारांची यादी. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ९-अ प्रमाणे ज्या माणसाचा राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा करार चालू आहे, तो विधानसभेला अपात्र ठरतो. अण्णा म्हणाले, कंपनीच्या नावावर दोन सरकारी कामं आहेत. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती, तिचा करार म्हणजे संचालकाचा वैयक्तिक करार नव्हे, त्यामुळे तिथे मला फारशी काळजी नव्हती.

यादीत जे नव्हतं तिथेच खरी अडचण होती. कंपनी काढण्याआधीची अण्णांची जुनी मालकी फर्म अजून जिवंत होती. तिच्या नावावर ठाण्यातल्याच एका सरकारी कार्यालयाच्या जनरेटर पॅनेलचं वार्षिक देखभालीचं काम होतं. वर्षाला लाखभर रुपयांचं, मार्च २०२५ पर्यंतचं. दर वर्षी नूतनीकरण व्हायचं आणि अण्णांच्या ते लक्षातही नव्हतं. पण मालकी फर्म म्हणजे स्वतः अण्णाच. तिथे आडपडदा नाही.

या कलमातला एक बारकावा पुष्कळ लोक उलटा समजतात. काम पूर्ण केलंय, फक्त सरकारकडून बिल यायचं बाकी आहे, तर तेवढ्यावरून करार चालू आहे असं धरलं जात नाही. अण्णांना कुणीतरी नेमकं उलटं सांगितलं होतं, म्हणून ते थकलेल्या बिलांमागे लागले होते. बिलांचा प्रश्नच नव्हता. देखभालीचे नऊ महिने शिल्लक होते, तो प्रश्न होता. करार रीतसर सोडायचा तर समोरच्या कार्यालयाने तो लेखी मान्य करायला हवा, आणि तोही अर्जांची छाननी होण्याआधी. आम्ही पत्र दिलं. सप्टेंबरपर्यंत उत्तर नव्हतं. तोवर तिकीट दुसऱ्याच माणसाचं नक्की झाल्याचं कानावर आलं आणि हा विषय आपोआप मागे पडला. एका लाखाच्या कामाने आमदारकीचा अर्ज बाद होऊ शकला असता, हे मात्र अण्णांना आत कुठेतरी लागलं. पुढे त्यांनी माझं जे ऐकलं, त्याची सुरुवात इथे झाली असं मला वाटतं.

अठ्ठेचाळीस हजारांचं बिल

तिकीट गेलं तरी अण्णा गेले नाहीत. उमेदवार जुना ओळखीचा होता, त्याच्यामागे उभं राहायचं त्यांनी ठरवलं. २७ ऑगस्टला दहीहंडी होती. ठाण्यात दहीहंडी म्हणजे काय, हे ठाणेकरांना सांगायची गरज नाही. चौकाचौकांत शुभेच्छांचे फलक लागले, त्यांत अण्णांचेही होते. रुग्णवाहिकेवरचं स्टिकरही त्याच आठवड्यातलं.

सप्टेंबरअखेर सहामाही हिशेब बघताना न्यासाच्या वहीत ‘प्रसिद्धी’ या शीर्षाखाली ४८,००० रुपये दिसले. व्हाउचर काढलं. फ्लेक्स छापणाऱ्याचं बिल होतं: दहा बाय वीसचे चार, सहा बाय दहाचे बारा. सोबत छापण्याआधी पाठवलेला नमुना होता. त्यावर उमेदवार, नेता, अण्णा आणि गोविंदा पथकाला शुभेच्छा. न्यासाचं नाव खाली, पत्त्यासारखं.

मी लिपिकाला विचारलं. तो म्हणाला, “खाली न्यासाचं नाव होतं ना, म्हणून तिकडे टाकलं.” त्याचा दोष नव्हता. त्याला तीन वह्या दिलेल्या होत्या, पण कुठला खर्च कुठल्या वहीत घालायचा हे कुणी सांगितलंच नव्हतं. फलकावर ज्याचं नाव दिसलं, त्याच्या खात्यावर त्याने खर्च घातला.

न्यासाचा पैसा विश्वस्ताच्या राजकीय प्रसिद्धीला वापरला, तर गोष्ट दोन ठिकाणी अडते. धर्मादाय आयुक्तांच्या दृष्टीने तो न्यासाच्या उद्देशाबाहेरचा खर्च, आणि त्यासाठी विश्वस्तांना जबाबदार धरता येतं. प्राप्तिकराच्या बाजूने तो विश्वस्ताच्या फायद्यासाठी वापरलेला पैसा. २०२२ च्या वित्त कायद्यानंतर अशा रकमेवर ३० टक्के कर लागतो, आणि पहिल्याच चुकीला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. रक्कम ४८,००० ची होती, मोठी नव्हती. पण त्याच न्यासाला ८०-जी ची, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी, मान्यता आहे आणि त्यावर विसंबून शंभरेक माणसं दर वर्षी हजार-दोन हजार देतात. ती माणसं दहीहंडीच्या फलकाला पैसे देत नव्हती.

अण्णांनी त्याच दिवशी स्वतःच्या खात्यातून न्यासाला ४८,००० चा धनादेश दिला. मी वहीत चूक खोडून दुरुस्त केली नाही. मूळ नोंद तशीच ठेवली, खाली वसुलीची नोंद केली आणि विश्वस्तांच्या सभेच्या इतिवृत्तात सगळं लिहायला लावलं. अण्णांना ते जड गेलं. त्यांना वाटत होतं पैसे भरले, आता लिहायचं कशाला. बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, “माझ्या शाळेत मुलाने चूक खोडली की मी वही परत करायचे. चूक दिसू दे, खाली बरोबर लिही.” इतिवृत्त लिहिलं गेलं.

धाकट्या भावाचे तीस टक्के

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अण्णांनी कंपनीतून पक्षाला १५ लाख द्यायचं मनात घेतलं. पक्षाच्या कार्यालयातल्या कुणीतरी सांगितलं होतं, “कंपनीला आता मर्यादा नाही.” हे काही काळ खरंही होतं. २०१७ मध्ये वित्त कायद्याने कंपनी कायद्याच्या कलम १८२ मधली मर्यादा काढून टाकली होती. पण १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, त्याच निकालात ही दुरुस्तीही घटनाबाह्य ठरवली. जुनी मर्यादा परत आली: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्के. रोख्यांची बातमी सगळ्यांनी वाचली, साडेसात टक्क्यांची ओळ बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली.

अण्णांच्या कंपनीचा तीन वर्षांचा नफा ९६ लाख, १ कोटी २० लाख आणि १ कोटी ४४ लाख. सरासरी १ कोटी २० लाख, त्याचे साडेसात टक्के म्हणजे ९ लाख. पंधरा दिले असते तर सहा लाख बेकायदा. त्यावर दंड दिलेल्या रकमेच्या पाचपटीपर्यंत आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय संचालक मंडळाच्या बैठकीतला ठराव हवा, पैसे बँकेमार्फतच जायला हवेत आणि नफा-तोटा पत्रकात रक्कम पक्षाच्या नावासह दाखवायला हवी.

करात सूट मिळेल, हाही समज होता. राजकीय देणगीला कंपनीला पूर्ण वजावट मिळते आणि धर्मादाय न्यासाला दिलेल्या देणगीला बहुधा निम्मीच. हा फरक मला कधीच पटलेला नाही, पण कायदा तसा आहे. अण्णांच्या कंपनीला मात्र दोन्हीपैकी काहीच मिळणार नव्हतं, कारण त्यांनी २२ टक्क्यांच्या सवलतीच्या दराचा पर्याय घेतला होता आणि त्यात या वजावटी सोडून द्याव्या लागतात. हे ऐकल्यावर अण्णा थोडे हिरमुसले. मग म्हणाले, “सूट नसली तरी द्यायचेच आहेत.” मला ते आवडलं. देणगी अशीच द्यावी.

खरा पेच नंतर उभा राहिला. बैठक कारखान्यातच झाली, वरच्या मजल्यावर, खालून प्रेसचा आवाज येत होता. तिघे संचालक: अण्णा, वहिनी आणि धाकटा भाऊ. भाऊ शॉप फ्लोअर सांभाळतो, फारसा बोलत नाही. नऊ लाखांचा ठराव वाचून झाल्यावर तो म्हणाला, “अण्णा, तुझ्या खिशातून तू काय द्यायचं ते दे. माझ्या तीस टक्क्यांचा उमेदवार वेगळा आहे.”

खोलीत बराच वेळ कुणी काही बोललं नाही. दोन विरुद्ध एक असा ठराव मंजूर झाला असता, कायद्याने तेवढं पुरलं असतं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी कायदा सांगितला आणि गप्प राहिले, कारण पुढचा निर्णय माझा नव्हता. वहिनी म्हणाल्या, “आपण न्यासाला देतो तेव्हा याला विचारतो का?” हा प्रश्न अनपेक्षित होता आणि नेमका होता. धर्मादाय देणग्या सरासरी नफ्याच्या पाच टक्क्यांवर गेल्या तर कलम १८१ प्रमाणे सर्वसाधारण सभेची आधी परवानगी लागते. कंपनी न्यासाला दर वर्षी जवळपास साडेपाच लाख देत होती, मर्यादा सहाची. म्हणजे कायदा मोडला नव्हता, पण भावाला कुणी कधी विचारलंही नव्हतं. आणि सीएसआरची, म्हणजे नफ्यातला वाटा समाजकामाला देण्याची, सक्तीही या कंपनीला नाही. निव्वळ नफा पाच कोटी, किंवा उलाढाल हजार कोटी, किंवा नेटवर्थ पाचशे कोटी, यातलं काहीतरी गाठलं तर ती लागू होते. तेव्हा न्यासाला जाणारा पैसा हा कायद्याचा नाही, तिघांच्या मर्जीचा. ती मर्जी आजवर एकट्या अण्णांची धरली जात होती.

ठराव मागे घेतला गेला. अण्णांनी स्वतःच्या खात्यातून पक्षाला पाच लाखांचा धनादेश दिला. ते नव्या कररचनेत असल्याने वैयक्तिक वजावटही नव्हती. आणि न्यासाच्या देणगीवर भावाने त्याच बैठकीत सही केली, स्वतःहून. “डायलिसिसला माझा विरोध नाही,” एवढंच बोलला आणि खाली प्रेसवर गेला.

आचारसंहितेचे चाळीस दिवस

पुन्हा त्या पांढऱ्या चौकोनाकडे येते. सरकारी मालमत्तेवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागेवरचे ४८ तासांत आणि खासगी मालमत्तेवरचे विनापरवाना फलक ७२ तासांत काढायचे असतात. आम्ही रुग्णवाहिका पहिल्याच संध्याकाळी घेतली, कारण ती रस्त्यावर फिरते. अभ्यासिकेच्या भिंतीवरचा नेत्याचा फोटो दुसऱ्या दिवशी उतरला. तिथे पक्षाच्या कार्यकर्त्यांची बैठक आधीच ठरलेली होती, ती अण्णांनी स्वतःच्या सोसायटीच्या सभागृहात भाडं भरून हलवली. मुलांना मात्र त्या आठवड्यात दोन दिवस जागा मिळाली नाही. फोटोच्या जागी नवा रंग लावायची कल्पना कुणाची तरी होती आणि रंगाच्या वासात मुलांना बसवेना.

पंधरवड्याने सी-व्हिजिल या आचारसंहिताभंगाच्या तक्रारींच्या ॲपवर कुणीतरी रुग्णवाहिकेची तक्रार टाकली. आयोगाने अशा तक्रारीसाठी शंभर मिनिटांची मुदत ठरवलेली आहे, आणि भरारी पथक खरोखर त्याआधी पोचलं. त्यांनी दार पाहिलं, चौकोन पाहिला, फोटो काढले. लॉगबुक मागितलं. लॉगबुकमध्ये प्रत्येक फेरीला रुग्णाचं नाव, कुठून कुठे, किलोमीटर. चालक ते गेली सहा वर्षं निळ्या पेनाने न चुकता लिहितो. पथक पंधरा मिनिटांत निघून गेलं. चालकाने मला नंतर विचारलं की त्याच्या अक्षरावर काही बोलले का.

सगळ्यात अवघड गेला तो फराळ. न्यास दर दिवाळीला किसननगर भागातल्या तीनशे घरांना फराळाचं पाकीट देतो: चकली, चिवडा, लाडू, उटण्याची पुडी, चार पणत्या. त्या वर्षी लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, मतदान २० ला. बरोबर मध्ये. लोकमान्यनगरमधल्या महिला बचत गटाला ऑर्डर आणि आगाऊ रक्कम गेली होती, त्यांनी बेसन आणि तेल भरलं होतं.

दर वर्षीचंच काम, कुणाचा फोटो नाही, कुणाचं नाव नाही, मग अडचण काय, असं अण्णांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. मतासाठी भेट देणं हा गुन्हा आहे, दिवाळीचा फराळ हा आपोआप गुन्हा ठरत नाही. पण पाकीट देणारा हात दोन महिने एका उमेदवाराच्या शेजारी दिसत होता. पाकिटावर काही न छापताही घेणाऱ्याला ते वाचता आलं असतं. आणि तक्रार झाली असती, तर उत्तर द्यायला उभे राहिले असते विश्वस्त, ज्यांतल्या तिघांचा राजकारणाशी संबंध नव्हता.

विश्वस्तांच्या सभेत ठरलं: फराळ पुढे ढकलायचा, निकालानंतर, देवदिवाळीला द्यायचा. कामगारांना कंपनीकडून बोनससोबत मिळणारं पाकीट वेगळं, ते दर वर्षीसारखं दिवाळीतच गेलं. बचत गटाची आगाऊ रक्कम त्यांच्याकडेच ठेवली. त्यांनी भरलेलं सामान वापरून फराळ नौपाड्यातल्या दोन सोसायट्यांत विकला, आणि देवदिवाळीचा माल नव्याने केला.

डायलिसिसची मदत मात्र एक दिवसही थांबवायची नाही, हेही त्याच सभेत लिहून ठेवलं. रुग्णाला आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा यंत्रावर जावंच लागतं, त्याला आचारसंहिता माहीत नाही. फक्त पैसे रुग्णाच्या हातात न देता थेट केंद्राच्या खात्यात जातील आणि नवा अर्ज आला तर तो अण्णा नाही, बाई मंजूर करतील, असं ठरलं.

दिवाळीच्या आदल्या दिवशी एक महिला कारखान्याच्या फाटकाशी आल्या. पाकीट नाही हे कळल्यावर म्हणाल्या, “मत द्यायचंय म्हणून आमची दिवाळी बंद का?” मी फाटकाशीच होते. आचारसंहिता समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि गेल्या. निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण त्याची किंमत तीनशे घरांनी दिली, आम्ही नाही. एवढ्या वर्षांत दिवाळी कधी येते आणि निवडणूक कधी, हे कॅलेंडरवर आधी बघून ठेवायला हवं होतं. ती चूक माझीही.

उमेदवारासाठी अण्णांनी जे काही केलं, त्याचा हिशेब उमेदवाराच्या प्रतिनिधीला दर आठवड्याला लेखी दिला. विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, आणि उमेदवाराच्या संमतीने मित्राने केलेला खर्चही त्यातच धरला जातो. मंडप, दोन गाड्यांचं भाडं, कार्यकर्त्यांचा चहा. पत्रकं छापली तेव्हा त्यावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता आहे ना, हे अण्णांनी स्वतः पाहून घेतलं. सप्टेंबरमधले अण्णा आणि नोव्हेंबरमधले अण्णा यांत हा फरक पडला होता. आता ते बिल आलं की आधी विचारायचे, “ताई, कुठली वही?”

नंतर

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. देवदिवाळीला पाकिटं गेली. तीनशेपैकी दोनशे ऐंशी घरांनी घेतली, बाकीची अभ्यासिकेतल्या मुलांनी संपवली.

जानेवारी २०२५ मध्ये पक्षाने अण्णांना जिल्ह्याच्या एका समितीवर घ्यायचं ठरवलं. अण्णा माझ्याकडे आले नाहीत, आधी बाईंकडे गेले. बाईंनी त्यांना सांगितलं की पद घ्यायचं तर घ्या, पण न्यासाच्या अध्यक्षपदावर राहून नको. त्यांनी राजीनामा दिला, विश्वस्तपदाचाही. वहिनी अध्यक्ष झाल्या आणि नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल केला.

माझं यावर पूर्ण समाधान नाही, हे मी अण्णांनाही सांगितलंय. अध्यक्ष आणि माजी अध्यक्ष एकाच घरात राहतात, एकाच टेबलावर जेवतात. कागदावरचं अंतर प्रत्यक्षात किती राहील, हे वहिनींवर आहे. घराबाहेरचा एखादा अध्यक्ष मिळाला असता तर बरं झालं असतं. पण तसा माणूस आम्हाला मिळाला नाही, आणि वहिनींनी बैठकीत विचारलेला तो प्रश्न मी विसरलेले नाही.

पदभार घेतल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते ठरावाचं नव्हतं. डायलिसिसच्या अर्जाचा नमुना मागवला, त्यावरचा अण्णांचा मोबाइल नंबर पेनाने खोडला आणि वर अभ्यासिकेतल्या टेबलावरच्या फोनचा नंबर लिहिला. दोनशे नवे अर्ज छापून घेतले. अण्णांनी ते पाहिलं, काही बोलले नाहीत. मग चालकाला बोलावून म्हणाले, गाडीच्या दारालाही एकदा रंग मारून घे, सगळ्या दाराला, नुसत्या चौकोनाला नको.

नव्या नंबरवर पहिला फोन तिसऱ्या दिवशी आला. पॅनेल शॉपमधल्याच एका कामगाराचा, सासूबाईंसाठी. त्याने अर्ज कुठे मिळेल ते विचारलं, आणि हेही, की अण्णांना सांगावं लागेल का. टेबलावरच्या मुलीने वहिनींना विचारलं. वहिनी म्हणाल्या, “नाही. गुरुवारी रिपोर्ट घेऊन यायला सांग.”